लांब काडतूस, आखूड काडतूस

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच वस्तू पूर्ण विचारांती घेतली, ती म्हणजे पिस्तूल. घर घेतलं ते भावाने सांगितलं म्हणून, नोकरी धरली ती पहिली मिळाली म्हणून, आणि मला पसंत केलं ते फोटो पाहून, तोही त्यांच्या आईने. पिस्तुलाला मात्र ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाच महिने लागले. तेही स्वतःसाठी नव्हतंच.

तेव्हा आम्ही कार्ल्सरूहेला राहत होतो. साठच्या दशकाचा मध्य असेल. हे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात इंजिनांवर डॉक्टरेट करत होते आणि प्रबंध संपत आला होता. मी पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आले होते. पहिलं वर्ष पोळ्या आणि रडणं यांत गेलं. मग घरमालकिणीने मला तिच्यासोबत स्वयंपाकघरात बसवून रोजचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं. तिला दिसत कमी होतं, मला बोलता कमी येत होतं, दोघींचीही सोय झाली. वर्षभरात माझं जर्मन ह्यांच्या कितीतरी पुढे गेलं. ह्यांचं जर्मन म्हणजे समोरचा काहीही बोलला तरी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलवायची.

त्या जर्मनच्या जोरावर मी एका संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले. आधी काचेची भांडी धुवायला, मग द्रावणं करून द्यायला, मग मोजमापं घ्यायला. दोन वर्षं गेली आणि एके दिवशी तिथले म्हातारे प्राध्यापक म्हणाले, "एप्रिलपासून एक जागा रिकामी होते आहे. तुम्ही डॉक्टरेट का करत नाही?" मी त्या संध्याकाळी ट्राममध्ये न बसता घरापर्यंत चालत गेले. आनंदाने माणसं काहीही करतात.

फक्त एक कागद हवा होता, नवऱ्याचं संमतिपत्र. कायद्याने त्याची गरज उरली नाही असं प्राध्यापक म्हणायचे, पण संस्थेच्या ऑफिसातल्या बाई जुन्या वळणाच्या होत्या. लग्न झालेली स्त्री, त्यातून परदेशी, म्हणजे यजमानांचं पत्र पाहिजेच. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू."

त्याच आठवड्यात साताऱ्याहून थोरल्या दिरांचं पत्र आलं. भाऊजी दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. तिथे त्यांनी धान्याची पोती मोजली, पण घरात कुणाची तसं म्हणायची छाती नव्हती. शरण आलेल्या जर्मन अधिकाऱ्याच्या कमरेचं 'अडतीस' त्यांनी तिथे पाहिलं होतं. अडतीस सालचा नमुना म्हणून त्याला तसं म्हणत. आता भाऊजींना पिस्तुलाचा परवाना मिळाला होता. पत्रात त्याची नक्कल होती आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "अडतीसच आण. ते छोटं पोलिसांकडे असतं तसलं नको. ते बायकी दिसतं."

झालं. ह्यांना कामच मिळालं. दाट धुक्याच्या त्या हिवाळ्यात दर शनिवारी आम्ही ट्राम पकडून बंदुकांच्या एका दुकानात जाऊ लागलो. शनिवारी दुकानं दुपारीच बंद होत, म्हणून सकाळीच निघायचं. मी कशाला? दुभाषी म्हणून. दुकानदार खाकी कोट घालणारा, साठीचा, अगदी मोजकं बोलणारा माणूस होता. तो काउंटरवर हिरवं कापड पसरायचा आणि त्यावर पिस्तुलं मांडायचा. ह्यांचा हात लागला की प्रत्येक वेळी ते पिस्तूल तेलाच्या फडक्याने पुसून परत ठेवायचा. आमच्याकडे सोवळ्यातल्या आजीही इतक्या मनापासून भांडी पुसत नसतील.

अडतीस म्हणजे एकच पिस्तूल असेल अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. एक होतं युद्धाच्या सुरुवातीचं, सबंध पोलादी, निळसर झाक असलेलं, आणि त्याच्या तिन्ही भागांवर एकच नंबर होता. दुसरं युद्धाच्या शेवटी घाईघाईत केलेलं. त्यावर कानशीचे ओरखडे तसेच होते. "तेव्हा घासत बसायला वेळ नव्हता," एवढंच दुकानदार बोलला आणि त्याने ते बाजूला सरकवलं. तिसरं नवं, आत्ताच्या सैन्यासाठी बनू लागलेलं. दिसायला हुबेहूब पहिल्यासारखं, पण सांगाडा ॲल्युमिनियमचा, म्हणून हातात हलकं. दुरून पाहिलं तर तिळी भावंडं.

हे घरून व्हर्नियर घेऊन यायचे. नळीची लांबी, मुठीची जाडी, चापाचा खेळ, सगळं मोजायचे आणि वहीत तक्ता मांडायचे. घरी आल्यावर जेवताना, "पोलाद टिकेल, पण दादाचा हात आता पूर्वीसारखा नाही, त्याला हलकं बरं," असं चालू व्हायचं. मी म्हणायचे, "अहो, माझं ते पत्र?" हे म्हणायचे, "अगं हो, बघू ना. आधी हे एकदा मार्गी लागू दे." दर शनिवारी हेच. मी दातांच्या कण्या केल्या असं म्हणणार नाही, कारण मी तितकी विनवणी केलीच नाही. तेवढा माज होता माझ्यात. आपला नवरा शिकलेला आहे, आज ना उद्या सही करेल, असं वाटायचं. आता त्या वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

डिसेंबरात नवीनच भानगड निघाली. भाऊजींच्या परवान्यावर 'बत्तीस बोअर' लिहिलं होतं आणि ही तिन्ही पिस्तुलं नऊ मिलिमीटरची होती. नऊ आपल्याकडे सामान्य माणसाला ठेवता येत नाही. हे दोन दिवस जेवले नाहीत धड. मग दुकानदाराने सांगितलं, की नवं अडतीस सात पॉइंट पासष्टमध्येही येतं, मागवावं लागेल. बत्तीस बोअर म्हणजे कागदोपत्री तेच. ह्यांचा चेहरा असा खुलला, की लग्नाच्या फोटोतही तो तसा नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते आलं. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. दुकानात आम्ही दोघं आणि तो, बस्स. त्याने नवं पिस्तूल कापडावर ठेवलं आणि शेजारी, कुणी न मागता, ते छोटं, पोलिसांच्या धर्तीचंही ठेवलं. मग परदेशी पाठवायचा फॉर्म काढला आणि मला विचारलं, "तुम्ही देश कधी सोडणार? इथे तारीख भरायची आहे."

मी मराठीत ह्यांना विचारलं, "ते विचारतायत, आपण कधी जाणार. काय सांगू? तुम्ही पुढे जाल आणि मी..."

हे पिस्तुलाची मूठ निरखत होते. मान वर न करता म्हणाले, "मार्चअखेर सांग. दोघंही."

"दोघं? आणि माझी जागा?"

"त्यांना मी कळवलंय गं. महिना होऊन गेला. तू उगाच आशेवर राहू नयेस म्हणून बोललो नाही."

"मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय?" हे खरोखरच आश्चर्याने म्हणाले. "मी तिकडे आणि तू इकडे, असं कसं चालेल? चल, सांग त्याला. खोळंबलाय बिचारा."

बिचारा पेन उघडून माझ्याकडे पाहत उभा होता. आणि मी सांगितलं. स्पष्ट, शुद्ध जर्मनमध्ये, घरमालकिणीने शाबासकी दिली असती अशा उच्चारात सांगितलं, की मार्चअखेर, आम्ही दोघंही. माझ्या आयुष्याचा निकाल मी स्वतःच्या तोंडाने भाषांतर करून दिला. त्याने तारीख भरली. संताप अनावर झाला होता. ओरडायचं होतं. पण परक्या माणसासमोर नवऱ्यावर ओरडायचं नाही हे शिक्षण एम.एस्सी.पेक्षा जुनं आणि जास्त पक्कं होतं.

मग तो दुकानदार, ज्याने पाच महिन्यांत पाच वाक्यं सलग उच्चारली नव्हती, तो बोलायला लागला. त्याने ड्रॉवरमधून दोन काडतुसं काढली आणि कापडावर उभी केली. एक लांब, गळ्यापाशी बारीक झालेलं. दुसरं आखूड, सरळ. "दोन्हींना सात पॉइंट पासष्टच म्हणतात," तो म्हणाला. "कागदाला फरक कळत नाही. पण हे मोठं पिस्तूल लांब काडतूस खातं आणि छोटं पिस्तूल आखूड. तुमच्याकडे बत्तीस म्हणून जे मिळतं ते हे आखूड. ते जगात कुठेही मिळेल. लांब काडतूस मिळणं तिकडे कठीण आहे आणि जहाजातून काडतुसं मी पाठवू शकत नाही. तुमच्या यजमानांना म्हणावं, छोटं घ्या, नाहीतर नुसतं लोखंड घरी न्याल. हे नीट समजावून सांगा."

"काय म्हणतोय?" ह्यांनी विचारलं.

मी दोन्ही काडतुसांकडे पाहिलं. मला एकूण एक शब्द कळला होता.

"ते म्हणतायत," मी म्हटलं, "कागदाला हे चालेल."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. बाकीच्याबद्दल मी मूग गिळून बसले. हे म्हणाले, "गेनाऊ!" आणि मोठ्या पिस्तुलावर बोट ठेवलं. दुकानदाराने एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी समजलं असावं. त्याने खांदे उडवले, काडतुसं ड्रॉवरमध्ये टाकली आणि पिस्तूल फडक्याने पुसायला घेतलं. पाच महिने मोजमापं घेणाऱ्या माणसाने एकदाही काडतूस हातात घेऊन पाहिलं नव्हतं. तक्त्यात तो रकानाच नव्हता.

सोमवारी मी प्राध्यापकांकडे गेले. ते उठून उभे राहिले, मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमच्या यजमानांचं पत्र आलं. तुम्ही स्वतःहून बोलाल म्हणून मी थांबलो होतो. फार वाईट वाटलं. पण काय सुरेख पत्र लिहिलंय!" त्यांनी ते मला दाखवलं. जर्मन खरंच निर्दोष होतं. प्रयोगशाळेतल्या कुणा सोबत्याकडून लिहून घेतलं असणार. पिस्तुलासाठी ह्यांना माझं जर्मन लागलं, या पत्रासाठी मात्र दुसऱ्याचं चाललं. मी विचारलं, "अजून काही करता येईल?" ते म्हणाले, "जागा गेल्या आठवड्यात दिली." कुणाला दिली ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मी वाट पाहत बसले ती फक्त साताऱ्याची. एकदाचं पिस्तूल पोचेल, भाऊजी काडतुसं शोधतील, मिळणार नाहीत, आणि मग थोरल्या भावासमोर ह्यांची मान खाली जाईल. मला ते पाहायचं होतं. वाईट आहे हे माहीत असूनही पाहायचं होतं. बोटीवर सतरा दिवस मी हेच चित्र मनात रंगवत होते. सगळ्यांना वाटलं, मला बोट लागली आहे.

भाऊजींनी काडतुसं शोधली. पुण्यात विचारलं, मुंबईत विचारलं. दुकानदारांनी परवाना पाहून आखूड काडतुसं पुढे केली, पण ती त्या पिस्तुलाला चालेनात. खंडेनवमीला सगळे जमलेले असताना भाऊजींनी पिस्तूल पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि ह्यांना म्हणाले, "अरे, याची गोळी आपल्याकडे मिळतच नाही म्हणतात." ह्यांचा चेहरा उतरला. मी दारात उभी होते.

"दादा, मी तर सगळं मोजून..."

"जाऊ दे रे," भाऊजी हसले. "कुणाला घालायचीय गोळी? घरात एक भारी वस्तू आहे, झालं. असावी घरात." आणि बाजूच्या पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या धाकट्याने पाच महिने पारखून आणलंय. खास जर्मन माल."

पाहुणे वाकून पिस्तूल पाहू लागले. त्यांतल्या एका गृहस्थांची नजर माझ्याकडे गेली. "वहिनी पण तिकडे होत्या ना? त्या काय करतात?"

"अहो, एम.एस्सी. आहे आमची भावजय," भाऊजी त्याच अभिमानाने म्हणाले. "जर्मन तर असं बोलते, की साहेबाने ऐकत राहावं. नोकरीबिकरीची काय गरज आहे तिला? पण असावं शिक्षण, घरात चांगलं दिसतं."

हे हसले. सगळेच हसले, मायेने हसले. आपण काय ऐकतो आहोत ते त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही, आणि मी सूड म्हणून जे केलं होतं ते लागलं असलंच तर एकट्या मलाच लागलं होतं. मी आत गेले आणि नैवेद्याची पानं वाढायला घेतली.