बांगड्याचा भाऊ

धंतोलीत दवाखान्यांच्या गल्लीत एक बाई स्कूटरवर बर्फाची पेटी ठेवून उभी असते. कोकणातल्या छोट्या होडीवाल्यांकडून ती गोठवलेले मासे मागवते आणि प्रत्येक मासा शाळेच्या पट्टीनं मोजते.

त्या रविवारी आमचे जावई जेवायला येणार होते आणि पेटीत वीतभरही नसलेला एकच बांगडा उरला होता.

“लहान हाये. हा नाही देत,” बाई म्हणाली.

“अहो, मेलाय तो! आता काय वाढणार?” मी म्हणालो.

“हा नाही वाढत. पण हा खपला, तर होडीवाला उद्या याच्या भावाले धरते नं!”

लगेच तिनं होडीवाल्याला फोन लावला. “काहून गा, एवढंसं लेकरू धाडलं?”

घरी जावयांनी वांग्याची भाजी खाल्ली. हकिगत ऐकून म्हणाले, “मामाजी, तो भाऊ मोठा झाला की मले बोलवा.”