कुलूप माझं होतं

टेम्पोत कपाट चढलं, गॅसची टाकी पायाशी घेतली, सई मांडीवर बसली आणि तेवढ्यात शाळेच्या बाई धावत आल्या. हातात सईचा दाखला. तो मी आधीच जाऊन आणायला हवा होता, पण शाळेत तोंड दाखवायची हिंमत झाली नव्हती. राहू गावाच्या पलीकडं आमची वस्ती आणि वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा. तिच्या व्यवस्थापन समितीचा मी चार वर्षं अध्यक्ष. दर झेंडावंदनाला माईक धरून ‘आपली पोरं आपल्याच शाळेत घाला’ म्हणणारा मीच, आणि स्वतःच्या पोरीला कोरेगाव भीमाच्या इंग्रजी शाळेत घालायला निघालेलाही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

“अध्यक्ष, एक राहिलंच. ते कुलूप...” बाई म्हणाल्या.

मला वाटलं, पट कमी झाल्याचं गाऱ्हाणं काढतील. “फोनवर बोलू बाई,” म्हणालो आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. आबा, माझे वडील, ओट्यावर बसून होते. ते उठले नाहीत.

मागं राहिलेल्या गाववाल्यांनो, आणि माझ्यासारखं हायवेच्या कडेला येऊन राहिलेल्यांनो, त्या कुलपाची गोष्ट मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही.

मुलींचं स्वच्छतागृह माझ्याच काळात बांधलं. पांढऱ्या टाइल्स, दाराशेजारी पाटी, पाटीवर माझं नाव. याच शाळेला आबांनी जागा दिली होती आणि तेव्हा पाटीला साफ नकार दिला होता. “शाळंत आपलं नाव कशापायी? आपली पोरं दिसली पायजेत,” म्हणायचे. मी नेमकं उलटं केलं. टाकीत पाणी चढत नव्हतं, साफसफाईला माणूस नव्हता. पाइप बदलणं, माणूस बघणं ही कामं माझीच होती. ती करायचं सोडून मी दाराला कुलूप घातलं. “पोरी घाण करत्याल. साहेब तपासणीला आले म्हंजी उघडू,” असं भर सभेत म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. किल्ली माझ्या जुडग्यात गेली, विहिरीवरल्या मोटारीच्या पेटीच्या किल्लीशेजारी.

कोरेगावात एका कंपनीत स्टोअरला लागलो. शिफ्ट, गेटपास, ओव्हरटाइम, दिवसभर ‘भैया, ट्रॉली इधर लगाओ’. जुडग्यात फ्लॅटची किल्ली आली, शाळेचीही तशीच राहिली. बाईंचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी कट केला.

मग एके दिवशी सईच्या आईनं दप्तरातून पाण्याची बाटली काढली, तर ती रिकामी.

“सांडलीस व्हय गं?”

“न्हाई मम्मी, पिले. इथं पाणी पिलं तरी चालतंय.”

गावाकडं तिची बाटली रोज भरलेलीच परत यायची. आम्ही तिला चेष्टेनं उंट म्हणायचो. मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” ती सहज म्हणाली, “तुम्हीच म्हणला व्हता ना पप्पा, पोरी घाण करत्यात.” त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शाळा बरी नाही म्हणून मी पोरीला घेऊन गाव सोडलं होतं आणि शाळेतलं जे वाईट होतं त्याची किल्ली माझ्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेलो. कुलूप जागेवरच. बाई म्हणाल्या, “नवे अध्यक्ष म्हणतात, आधीच्या अध्यक्षांनी लावलंय, त्यांना विचारल्याशिवाय तोडायचं कसं?” माझ्या नावाला असला मान कधीच मिळाला नव्हता. मी दार उघडलं. टाइल्सवरचे कंपनीचे स्टिकर अजून निघाले नव्हते. मधली सुट्टी होती. सईच्या मैत्रिणी लांब उभ्या राहून बघत होत्या. त्यातली साक्षी, आमच्या शेजारची, हळूच पुढं आली.

“काका, आज साहेब येणार हायेत का?”

“नाही,” मी खाली बघूनच म्हणालो.

त्या दिवशी प्लंबर आणून पाइप बदलला, पाणी चढलं. वस्तीवरल्या एका मावशींना समितीनं साफसफाईचं काम दिलं. बाहेरचा कोयंडा मी स्वतः उपटला, आतून कडी बसवली. पाटीही काढली. एवढंच काम होतं. एका दिवसाचं. ते मला चार वर्षांत जमलं नव्हतं.

सईला परत त्या शाळेत घातलं नाही, तेवढी धमक माझ्यात नाही. गाव कुठलं विचारलं की राहू सांगतो, पण पूर्वीसारखं मोठ्यानं नाही. महिन्यातून एकदा गावी जातो. गाडी आधी शाळेशी थांबवतो, मागं जाऊन दार बघतो, नळ सोडून बघतो, मग घरी जातो. आबा ओट्यावरच असतात. पाया पडायला वाकलो की विचारतात,

“उघडं हाय न्हवं?”

“व्हय आबा.”

“मग ये आत.”