मॅडम, मला रागवा

माझं पोट, माझा चष्मा आणि कानाजवळचे पिकलेले केस या तिघांनी मिळून मला डॉक्टर केलं. शिक्षणाचा त्यात काही हात नाही. मी साक्री तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पुरुष असल्यामुळे मला ‘ब्रदर’ म्हणतात, म्हणजे म्हणायला हवं. म्हणत कोणीच नाही.

माझी बायकोही नर्सच. ती एएनएम, आमच्या दवाखान्यापासून थोड्या अंतरावर डोंगराकडच्या उपकेंद्रात असते. मी जीएनएम. तिचा कोर्स दीड-दोन वर्षांचा, माझा तीन-साडेतीन. लग्न ठरलं तेव्हा या फरकावर मी बरीच मान ताठ करून घेतली होती. पण कायदा मोठा मजेशीर आहे. गावात लस टोचणं, गरोदर बायांची तपासणी आणि सरळ असलं तर बाळंतपणसुद्धा बायको स्वतःच्या जबाबदारीवर करू शकते. माझ्या वेळी मुलग्यांना बाळंतपणाचं शिक्षणच नव्हतं. मुली प्रसूतिकक्षात गेल्या की आम्हाला मनोरुग्णांच्या वॉर्डात पाठवत. त्यामुळे शिक्का माझा मोठा असला, तरी घरात मूल जन्माला घालण्याचा परवाना तिच्याकडे. बाकी माझं काम डॉक्टरांनी लिहून दिलेलं पार पाडायचं. सुई टोचणारा हात माझा, पण कोणती सुई हे ठरवणारं डोकं दुसऱ्याचं. आता उपकेंद्रावर बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, चार वर्षं शिकलेल्या मुलीही येतात. त्यांना ठरलेली काही औषधं देता येतात. म्हणजे खालून आणि वरून, दोन्हीकडून माझी अडचण झाली आहे.

एवढं सगळं मला पाठ आहे. लोकांना सांगायचं मात्र कधी जमलं नाही.

जळगावला सासुरवाडीत माझी ओळख ‘आमचे डॉक्टर जावई’ अशीच आहे. लग्नाकार्यात पंगतीला बसलो, ताटात वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत पडलं, की शेजारचा माणूस डावा हात पुढे करतो. मी नाडी धरतो, घड्याळाकडे बघतो आणि ‘हम्म’ म्हणतो. ‘हम्म’ म्हणायला कायद्याची बंदी नाही. एकदा गल्लीतल्या मारवाडी किराणा दुकानदाराने गल्ल्यावर बसल्या बसल्या मला जीभ काढून दाखवली. मी म्हणालो, "शेठजी, एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगितलं, की इतका मोठा डॉक्टर, पण गर्व बघा कसा नाही! बायको हे सगळं ऐकते आणि घरी आल्यावर म्हणते, "डॉक्टर, ती पिशवी घ्या आणि भाजीला गिलके घेऊन या."

दवाखान्यात तर माझं राज्यच होतं. अपघात विभागात माझी लाकडी खुर्ची आहे. तिच्या पाठीवर मी पांढरा टॉवेल टाकत असे. आपल्याकडे टॉवेल टाकलेली खुर्ची ही साहेबाची, हे कोणाला शिकवावं लागत नाही. जुने डॉक्टर होते तोवर हे खपून गेलं, कारण त्यांच्या खुर्चीवर दोन टॉवेल असत.

मग त्यांची बदली झाली आणि नव्या मॅडम आल्या. एमबीबीएस होऊन नुकत्याच नेमणुकीवर आलेल्या, जळगावच्याच. अंगाने काडीसारख्या, एक वेणी, पायात साध्या चपला. त्यांच्या वाट्याला प्लास्टिकची खुर्ची आली, तिचा एक पाय वाकडा होता. पहिल्याच दिवशी एक म्हातारी त्यांना म्हणाली, "ओ शिष्टरबाई, डॉक्टर कवय यी राह्यनात?" आणि तेवढ्यात मी दारातून आत शिरलो. म्हातारीने मला बघून पदर सावरला.

मॅडम सुरुवातीला प्रत्येकाला सांगायच्या, "मी डॉक्टर आहे." पुढे पुढे त्यांनी सोडून दिलं. त्या तपासायच्या, औषध लिहायच्या, आणि पेशंट तो कागद घेऊन माझ्याकडे यायचे. मी चष्मा कपाळावर चढवून कागद बघायचो आणि ‘हम्म’ म्हणून मान हलवायचो. मगच ते औषध घ्यायला जायचे. मला वाटायचं, मी मॅडमना मदतच करतोय. मॅडम मला ‘काका’ म्हणायच्या, फार आदराने वागायच्या, त्यामुळे गैरसमज आणखी घट्ट झाला. ज्या मुलीला आपण ‘शिष्टर’ समजतो ती ज्याच्याशी इतकं नरमाईने बोलते, तो डॉक्टर नाही तर कोण!

तर एकदा आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी माझी बायको एका बाईला घेऊन आली. डोंगरातल्या पाड्यावरची तरुण बाई, पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बायकोने उपकेंद्रात रक्तदाब बघितला आणि तिथे एक मिनिट न घालवता तिला इकडे आणलं. बरोबर सासू होती आणि सासरा. सासऱ्याला सगळे आबा म्हणत. उंच, काटक म्हातारा, पागोटं घट्ट बांधलेलं, ऐकायला थोडं कमी.

मॅडमनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "काका, हिला कधीही झटके येतील. आई आणि बाळ दोघांना धोका आहे. धुळ्याला न्यायलाच हवं, आत्ता."

हे त्यांनी आबांनाही नीट समजावून सांगितलं. आबांनी मॅडमचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सरळ माझ्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, हाई पोर सांगस धुयाले लई जा. तुमी सांगा."

मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतील." आवाज अगदी रडवेला होता.

मीही विचार केला, नाहीतरी इतके दिवस फुकट डॉक्टर झालोय, आज निदान कामाला येऊ दे. मी चष्मा काढला, घसा साफ केला आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणालो, "आबा, धुळ्याला न्यावंच लागेल."

आबा हसले. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता, की माझं ऐकण्याचीही त्यांना गरज वाटली नाही. "कसाले? तठे गयं का पोट फाडतस. आमना पाडानी एक बाई गयी, ती परत उनीच नही. त्या पोरले काही समजत नही, म्हनीसन ती धुयाले धाडस. तुमी इतला मोठा डॉक्टर शेतस. तुमीच करा आठे."

आणि ते भिंतीला टेकून उकिडवे बसले. म्हणजे आता हलणार नाहीत. सासूही शेजारी बसली. खाटेवर ती मुलगी डोळे मिटून कपाळ दाबत होती. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पंचवीस वर्षांचा संसार होता, आणि एकही शब्द चांगला नव्हता.

‘तुमीच करा’ म्हणे! मी जन्मात एक बाळंतपण केलेलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी मी दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहा पीत होतो. आणि आता माझ्या पोटावर, चष्म्यावर भरवसा ठेवून हा म्हातारा आपली सून इथेच ठेवायला निघाला होता. मी डॉक्टर असेपर्यंत ही बाई धुळ्याला जाणार नव्हती. मला फार भीती वाटली.

मी म्हणालो, "आबा, मी डॉक्टर नाही."

"ऱ्हावू द्या," आबा म्हणाले. "मोठा मानूस असाच बोलस."

शेठजींना जे वाटलं होतं, तेच यांनाही वाटलं. नम्रतेचं इतकं पीक मी काढून ठेवलं होतं, की खरं बोललो तरी ते त्याच खळ्यात जाऊन पडत होतं. मी भिंतीवरची, माझ्या नावापुढे ‘नर्स’ लिहिलेली पाटी दाखवली. आबांना वाचता येत नव्हतं. बायकोने सांगितलं, "आबा, हाऊ मना नवरा शे, नर्स शे." आबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. घरची बाई नवऱ्याला कमीच लेखते, हे त्यांना ठाऊक होतं.

मग मला सुचलं. आपल्याकडे मोठा कोण, हे कागदावरून ठरत नाही. कोण बसलंय आणि कोण उभं आहे, कोण कोणावर ओरडतंय, यावरून ठरतं.

मी उठलो. टॉवेल टाकलेली खुर्ची उचलून मॅडमच्या मागे नेऊन ठेवली. "मॅडम, बसा."

त्या बसल्या. मी समोर हात बांधून उभा राहिलो आणि पुटपुटलो, "मॅडम, मला रागवा."

"काय?"

"माझ्यावर ओरडा. त्यांना दिसू दे."

मॅडम खुर्चीच्या कडेला सरकल्या. "काका, प्लीज जरा व्यवस्थित काम करत जा ना."

आबा सासूकडे बघून हसले. मी कळवळून म्हणालो, "असं नाही हो मॅडम! जोरात!"

"ही खुर्ची..." मॅडम थोड्या थांबल्या. "ही खुर्ची इतके दिवस तुमच्याकडे का होती?" आवाज एक पट्टी चढला. "मी त्या वाकड्या पायाच्या खुर्चीवर सकाळपासून तोल सांभाळत बसते, ते दिसत नाही तुम्हाला? आणि मी लिहिलेलं औषध तुम्हाला दाखवायला येतात पेशंट! तुम्ही मान हलवता! काय, पास करता मला? ‘मी नर्स आहे’ म्हणायला जीभ झडते का तुमची? ‘हम्म’ काय, ‘हम्म’? मी एवढं शिकले ते तुमच्या ‘हम्म’साठी? उभे राहा नीट!"

मी उभाच होतो. आणखी ताठ झालो. हे नाटक राहिलेलं नाही, हे तिसऱ्या वाक्यालाच माझ्या लक्षात आलं होतं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, नाक लाल झालं होतं, आणि शब्द न् शब्द खरा होता. मी खाली मान घालून "चुकलं मॅडम" म्हणालो, तेही नाटक नव्हतं. बायको पडद्याच्या कडेला उभी राहून हे सगळं असं ऐकत होती, जसं कोणी तिचीच फिर्याद वाचून दाखवतंय.

आबा केव्हा उठून उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी हात जोडले, माझ्याकडे नाही, मॅडमकडे. सासूला म्हणाले, "इतला मोठा मानूस जिले भ्यास, तीच खरी डॉक्टर." आणि मग मॅडमना, "बाई, तुमी सांगशात तसं."

त्यानंतर सगळं भराभर झालं. मॅडमनी झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन लिहून दिलं. ते बायकोने दिलं, कारण त्या मुलीला माझी लाज वाटत होती. माझ्या वाट्याला पडदा धरायचं काम आलं. रुग्णवाहिकेत बरोबर कोण जाणार? वाटेत बाळंत झाली तर करता येईल अशी माणसं इथे दोनच होती, मॅडम आणि माझी बायको. मॅडमना दवाखाना सोडता येत नव्हता. बायको पदर खोचून गाडीत चढली. मी दार लावून दिलं. दार मी चांगलं लावतो.

कुसुंबा ओलांडल्यावर बायकोचा फोन आला, "अजून ठीक आहे." मग बराच वेळ काही नाही. मी अपघात विभागात त्या वाकड्या खुर्चीवर बसून होतो. तिच्यावर खरंच तोल सांभाळावा लागतो. अंधार पडायच्या सुमारास पुन्हा फोन आला. पोट फाडावं लागलं होतं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी मॅडमना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "काका, मघाशी मी जरा जास्तच..." मी म्हणालो, "नाही मॅडम. थोडं राहिलंच असेल अजून." त्या हसल्या आणि मग खूप वेळ डोळे पुसत राहिल्या.

त्या दिवसापासून टॉवेल त्यांच्या खुर्चीवर आहे.

पुढे बाळाला लस द्यायची वेळ आली, तेव्हा आबा सुनेला आणि नातीला घेऊन आले. मॅडमसाठी नागलीचे पापड आणले होते. मॅडमना दिले, दोनदा वाकले, मग पुढे झुकून त्यांच्या कानाशी बोलायला लागले. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं कानातलं बोलणं बाजारापर्यंत जातं.

"बाई, त्या मानूसले काढू नका. त्या दिन तुमी लई बोलनात त्याले. मानूस वाईट नही शे. बायकापोरं शेतस त्याले."

"नाही काढत आबा," मॅडम म्हणाल्या. "ते आमचे ब्रदर आहेत, नर्स. त्यांच्याशिवाय माझं इथे चालत नाही."

आबांचं समाधान झालं. जाताना ते माझ्यासमोर थांबले, मला खालून वर न्याहाळलं. एवढ्या मोठ्या देहाची झालेली अवस्था बघून त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मग त्यांनी बाही वर करून मनगट पुढे केलं.

"तुमले नाडी तरी धरता येस का, का तेबी बाईनी बंद करी टाकं?"

"तेवढं येतं, आबा," मी म्हणालो. "ते नर्सचंच काम आहे."

मी मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी किती हात धरले असतील, पण मी नर्स आहे हे माहीत असून पुढे केलेला हा पहिलाच. घड्याळाकडे बघत मी पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. मग ‘हम्म’ म्हणालो नाही. मॅडमकडे वळलो आणि आकडा मोठ्याने सांगितला, म्हणजे त्या लिहून घेतील.