शिंदे काकूंचं वाक्य

फ्रेंड्स, आज स्वतःचाच जाम राग आलाय.

मी इंदिरानगरला आमच्या सोसायटीतल्या काकूंना फ्री इंग्लिश शिकवते. माझा रूल आहे, नवीन शब्द आला की ओळखीच्या माणसावर वाक्य करायचं, म्हणजे लक्षात राहतो. आज दुपारी मेंटल हेल्थचे शब्द घेतले.

"माझी सासू बायपोलर आहे!"

"आमचे हे तर सायको!"

सगळ्या खिदळत होत्या. मी पण.

मग शिंदे काकूंच्या वाट्याला 'स्किझोफ्रेनिया' शब्द आला. त्या उभ्या राहून इंग्लिशमध्ये सावकाश म्हणाल्या, "माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. तो रोज गोळी घेतो. तो मला चहा करून देतो." आणि मराठीत, "टीचर, बरोबर आहे का गं?"

मी फक्त "परफेक्ट" म्हटलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "शिंदे वहिनी, मुलगा गार्डनमध्ये आला की सोबत राहत जा हं. आमची लहान मुलं खेळतात." खाली सात अंगठे. त्यात सासूला बायपोलर म्हणणाऱ्या काकूंचाही. शिंदे काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या.

उद्या त्यांच्या घरी जाणारे. एवढे शब्द शिकवते मी, पण त्यांनी दार उघडल्यावर काय बोलू? सुचत असेल तर सांगा ना.