रूम टेम्परेचर, मुक्काम जळगाव

नको म्हटलं तरी घरात रद्दी साठते, तसे सरकारी विश्रामगृहात किस्से साठतात. मी जळगावच्या विश्रामगृहात कारकून होतो. पाहुणे यायचे, खायचे, कुरकुरायचे आणि शेरेबुकात शेरा लिहून निघून जायचे. आम्ही आपले तिथेच! त्यातले निम्मे किस्से एकाच बाटलीचे निघावेत, याचा मला आता कंटाळा येतो. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो.

आमचे खानसामा धोंडूनाना, मूळचे साक्रीकडचे. तेव्हाच अकरा वर्षं हंगामी होते. शेरेबुकात एक चांगला शेरा आला की कायम करू, असं वरच्या साहेबांनी सांगून ठेवलेलं. त्या एका शेऱ्यासाठी नाना जीव टाकायचे. आणि जेवणघराच्या भिंतीवर इंग्रजांच्या वेळची सूचनांची पाटी होती. तिच्यात एक कलम: 'रेड वाइन रूम टेम्परेचरला द्यावी.'

इंग्रज गेला, पाटी राहिली.

*

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मे. आणि मे जळगावचा! दुपारी दाराच्या कडीला हात लावायची सोय नाही. मुंबईचे एक इंजिनियर उतरले होते. नानांनी पाटीबरहुकूम बाटली सकाळपासून खोलीतल्या टेबलावर ठेवली. साहेबांनी एक घोट घेतला आणि ओरडले, "हे काय, सूप आहे का?"

नाना अदबीनं म्हणाले, "नही साहेब. सूप येवानं शे आजून."

शेरा पडला: 'वाइन गरम.'

*

नाना शहाणे झाले. पुढच्या पाहुण्याची बाटली त्यांनी दोरीला बांधून विहिरीत सोडली. हे गृहस्थ विलायतेला जाऊन आलेले. पहिल्याच घोटाला कपाळावर आठ्या! "रेड वाइन इतकी गार? रूम टेम्परेचर माहीत नाही?"

"रूमनंच शे साहेब," नाना म्हणाले, "फक्त रूम हिरमा शे."

आता हिर म्हणजे विहीर, हे त्या गृहस्थांना कोण सांगणार? शेरा: 'वाइन गार. खानसामा उद्धट.' नाना आणि उद्धट! दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी मी वरच्या ऑफिसला पत्र टाकलं. रूम टेम्परेचर म्हणजे नक्की कुठल्या रूमचं? तीन महिन्यांनी उत्तर आलं: 'पाहुणा ज्या रूममध्ये उतरला असेल, त्या रूमचे.' खाली आणखी एक ओळ: 'रूम नंबर कळवावा.'

कळवला. काय करता!

*

मग पुढच्या मे महिन्यात नानांनी डॉक्टरांकडून ताप बघायचा थर्मामीटर मागून आणला आणि बाटलीत बुडवला. पारा थेट वरच्या टोकाला! नाना घाबरले. "भाऊ, हिले भलता ताप शे!"

घरात पोराबाळांना करतात तेच त्यांनी केलं. बूच घट्ट लावून बाटली वाळ्याच्या ताटीजवळ खाटेवर निजवली आणि ओल्या पट्ट्या बदलत बसले. मधूनमधून पालथा हात लावून बघायचे. तेवढ्यात पाहुणे दारात आले, एक म्हातारे जज्जसाहेब. "हिला काय झालं?"

"ताप उतरी ऱ्हायना, साहेब, आते बरं शे!"

वाइन उत्तम लागली म्हणे. पण जज्जसाहेब इतके हसले, इतके हसले, की शेरा लिहायचाच विसरून गेले.

*

पुढे दारूबंदी आली. बाटल्या गेल्या, पाटी राहिली, नाना हंगामीच राहिले. निवृत्तीला वर्ष उरलेलं. कायम झाले तर पेन्शन, नाहीतर नुसता नमस्कार. पेन्शनीविना म्हातारपण कसं निघणार, या विचारानं ते खंगत चालले होते.

अशात एक परदेशी इंजिनियर आला. परमिटवाला, स्वतःची बाटली घेऊन. महिना पुन्हा मे. नानांनी पुन्हा बाटलीला ओल्या पट्ट्या लावल्या, पालथा हात लावत बसले. गोऱ्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि शेरेबुक मागवलं. 'रेड वाइन अगदी योग्य तापमानाला मिळाली. हिंदुस्थानात इतकी चांगली कुठेच मिळाली नाही.' नानांनी मला तो शेरा तीनदा वाचायला लावला. त्यांचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला सांगू, माझेही.

नक्कल वर पाठवली. उत्तर आलं: 'दारूबंदी असता खानसाम्यास वाइनचे योग्य तापमान कसे कळते? चाखल्याशिवाय कळते काय? खुलासा करावा.'

नानांनी जन्मात थेंबाला जीभ लावली नव्हती. म्हणाले, "लिखा भाऊ, मी कधी चाखी नही. साहेब लोकेसना तोंडं देखी देखी शिकनू."

मी तसंच लिहिलं. महिन्यानं उत्तर: 'खुलासा मान्य. मात्र शेऱ्यातील मद्याचा उल्लेख वगळून नक्कल पुन्हा पाठवावी.'

मी लेखणी उचलली. 'रेड वाइन'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पाणी'. शेरा इंग्रजीत होता. त्या भाषेत मिळाली-मिळालं अशी भानगड नसते, म्हणून बरं! नक्कल गेली आणि नाना कायम झाले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी वरच्या ऑफिसचे साहेब स्वतःच तपासणीला आले. घाम पुसत जेवणघरात बसले. "धोंडूनाना तुम्हीच ना? तुमच्या पाण्याचं फार ऐकलंय. आणा बघू एक ग्लास!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. आणि हात जोडून विचारलं, "रूमनं आनू का हिरनं, साहेब?"