ईराची पहिली वाटी

हे सगळं याच क्रमानं घडलं का, याची मला खात्री नाही. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण घरातली गोष्ट सांगायला लागलो की बायको दुरुस्त्या करतेच. शिवाय घरात बाळ असलं की किस्से दोरीवरच्या लंगोटांसारखे वाढत जातात. कालचा कुठला, आजचा कुठला, कळत नाही!

नात ईरा सहा महिन्यांची झाली, सून मुग्धाची रजा संपत आली, आणि ईरा दुधाशिवाय काही तोंडात घेईना. मुग्धा रडकुंडीला आली. "बाबा, ही खाणार नसेल तर मी नोकरी सोडते."

"अजिबात नाही! खिमट मी करीन, आणि ती खाईल."

बोलून तर गेलो. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरडून, मऊ शिजवतात, एवढंच ऐकून माहीत होतं.

*

सदाशिव पेठेतल्या गिरणीत गेलो. "आधी मसाला दळला नाहीत ना? गिरणी पुसलीत? हात धुतलेत?"

गिरणीवाल्यानं शांतपणे माझा डबा मला परत दिला. "काका, इथं फक्त दळण होतं. ऑपरेशन पलीकडच्या गल्लीत!"

मी हललो नाही. शेवटी त्यानं आधी माझेच मूठभर तांदूळ दळून बाजूला टाकले, मग भरड काढून दिली.

*

घरी वाटी-चमचा उकळत ठेवला. जंतू राहिले तर? म्हणून आणखी थोडा वेळ. मग आणखी थोडा.

बायको डोकावली. "अहो, वाटी शिजली असेल आता. तांदूळ टाका!"

*

ईरानं खिमट थुंकलं. ठीक आहे, नाचणीचं सत्त्व! नाचणी भिजवली, वाटली, फडक्यातून गाळली आणि खाली बसलेला साका ताटात घालून गच्चीत वाळत ठेवला. कबुतरांचा काय भरवसा? छत्री घेऊन राखणीला बसलो.

शेजारच्या लेलेवहिनी कपडे वाळत घालायला आल्या. "सर, रिटायर झाल्यावर कबुतरांचा क्लास काढलात वाटतं!"

*

सत्त्व ईरानं माझ्या चष्म्यावर उडवलं. तेव्हा माझे जुने मित्र हमीदभाई आले होते. बुधवार पेठेत त्यांचं पुस्तकांचं दुकान आहे.

"प्रोफेसरसाहेब, तुम्ही पोरीची व्हायव्हा घेतल्यासारखे बसता. मीसुद्धा तोंड उघडलं नसतं!"

*

मुग्धाच्या ऑफिसचा पहिला दिवस उजाडला. ती दूध काढून फ्रीजमध्ये ठेवून गेली, जाताना म्हणाली, "बाबा, आज नाहीच खाल्लं तर उद्या राजीनामा देते."

मी पुन्हा खिमट केलं. भरवायला बसणार, तोच बायकोनं वाटी काढून घेतली. "तुम्ही बाल्कनीत जा. तुमचा चेहरा बघून ती घाबरते."

गेलो. दार लागलं. ईराचं रडणं, मग शांतता. बऱ्याच वेळानं बायको रिकामी वाटी घेऊन बाहेर आली. "संपलं सगळं!"

मी तिथूनच मुग्धाला फोन लावला. "संपलं! वाटी लख्ख!" पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

राजीनामा राहिला. पुढे काही दिवसांनी ईरा माझ्यादेखतही खायला लागली. पण त्या पहिल्या वाटीबद्दल मला आपली शंका होती. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

परवा मुग्धाच्या प्रमोशनचे पेढे आले. ईरा आता शाळेत जाते; तिनं लगेच एक पळवला. मी हळूच बायकोला विचारलं, "त्या दिवशी खिमट खरंच ईरानं खाल्लं होतं का गं?"

तिनं पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला.

"मी खाल्लं. अगदीच अळणी होतं हो!"