नारळावर ठेवलेली मतं

सर्व्हेवाल्या कंपनीने मला घेतलं ते हुशारीसाठी नव्हे, जिभेसाठी. मी सीमेवरच्या रामनगरची. मराठी, कन्नड आणि कोकणी तिन्ही भाषा मला सारख्याच येतात आणि तिन्हींत भांडताही येतं. काम तसं सोपं होतं. विधानसभेच्या निवडणुकीआधी वाड्यावाड्यांतून फिरायचं, टॅब दाखवेल त्या घरात, टॅब सांगेल त्याच माणसाला विचारायचं की या वेळी मत कुणाला. शिमगा झाला की पुन्हा त्याच घरी, त्याच माणसाकडे जायचं. मधल्या काळात मन कुठून कुठे फिरलं ते बेंगळुरूच्या साहेब लोकांना बघायचं होतं. सत्तेत बसलेल्याला घरी पाठवायची आमच्या राज्याला सवयच आहे, त्यामुळे अशा कामाला तोटा नसतो.

कुंभारवाड्याच्या पुढे, बस सोडून रानातून चालत जावं लागतं अशा एका वाडीत माझा मामा राहतो. टॅबने नेमकं त्याचंच घर काढलं. मला वाटलं, बरं झालं, चहा तरी मिळेल.

चहा मिळाला, पण घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामा ओसरीवर पाठ करून कोयत्याला धार लावत बसला होता. मामी चुलीपाशी होती. टॅबला त्या घरातली बाई हवी होती म्हणून मी मामीला प्रश्न विचारला, तर उत्तर ओसरीवरून आलं.

"घरचं मी सांगतो."

"मामा, टॅबला मामीच पाहिजे."

"मग इचार की तिला. ती काय येगळं सांगणार हाय?"

मामीने चुलीतलं लाकूड आत सारलं. "ह्ये म्हणतील त्ये."

"आणि मामा काय म्हणतायत?"

कोयत्याचा आवाज तेवढा वाढला. मला असल्या गप्प बसण्याचा फार राग येतो. मी 'सांगता येत नाही' यावर बोट ठेवलं आणि उठले.

मला पोचवायला मामी पाणंदीपर्यंत आली, तेव्हा काय ते कळलं. या वाडीत शब्द द्यायची एक रीत आहे. देवाच्या दगडापुढे नारळावर हात ठेवून शब्द द्यायचा आणि तो नारळ फोडायचा नाही. शब्द पुरा होईपर्यंत तो तिथेच राहतो. पुरा झाला की फोडून सगळ्यांना खोबरं वाटायचं. वाडीचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणं, हे मामाचं काम. त्याच्या आधी त्याच्या बापाचं. ज्याचा शब्द खोटा पडला त्याने पुन्हा गाऱ्हाणं घालायचं नाही, एवढा एकच नियम. दसऱ्याला तालुक्याचा पुढारी आला होता आणि मामाने नारळावर हात ठेवून सांगितलं होतं, वाडीची सगळी मतं साहेबांची. त्यानंतर थंडी सरायच्या आत साहेबांनी पक्ष बदलला. गेले तेही कुठे, तर ज्या पक्षाला पाडायला मामाने इतकी वर्षं अख्खी वाडी उन्हातून चालवत बूथवर नेली होती, नेमके तिथेच.

"मत दिलं तर आजवरचं सगळं पान्यात, न्हाई दिलं तर शब्द खोटा," मामी म्हणाली. "शिमग्याला गाऱ्हाणं कोण घालणार म्हणून लोकं आत्ताच कुजबुजाय लागल्यात. ह्येंच्या घशाखाली घास उतरत न्हाई बाय."

मला पुढाऱ्याचा संताप आला. मामाचाही आला. पण मामाचा का आला हे तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

शिमग्याच्या थोडं आधी साहेबांची जीप वाडीत आली. मी शेजारच्या वाडीतलं काम उरकून मामाकडे टेकले होते. जीपमधून उतरलेल्यांच्या गळ्यात नव्या रंगाचे पंचे होते. सगळे देवाच्या दगडाशी जमले, पुरुष पुढे, बायका मागे. मामाने वाकून नारळ उचलला. इतक्या दिवसांत आतलं पाणी आटून खोबरं सुटं झालं होतं, ते हलताना वाजलं. त्याने दोन्ही हातांनी तो साहेबांपुढे धरला.

"साहेब, तुमी तिकडं गेलासा. माजा शब्द मला परत द्या."

साहेब हसले. हात मात्र त्यांनी पाठीमागे बांधले. "अण्णा, शब्द तुमी मला दिलासा, चिन्हाला न्हवं. मी त्योच माणूस हाय न्हवं?"

या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, तीच तर पंचाईत होती. मामाचे हात पुढे तसेच. मागे घेतले तर शब्द कायम, आणि नारळ खाली ठेवला तर शब्द टाकला असंच वाडीने धरलं असतं. जीपपाशी एकजण मोबाईलवर सगळं टिपत होता. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तिन्ही भाषांतली एकसुद्धा कामाला आली नाही.

तेवढ्यात मामी बायकांमधून पुढे आली. पुरुषांच्या बैठकीत तिला पुढे उभी राहिलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"साहेब, ह्यो नारळ ठेवला त्या दिशी मी भात राखाय शेतातल्या माळ्यावर व्हते."

"बरं अक्का, त्याचं काय?"

"ह्येंनी माजं मत नारळावर ठेवलं. मला कुणी इचारलं न्हाई. जे ह्येंचं न्हवंच, त्ये ह्ये देणार कसं आनि तुमी घेणार कसं?"

तिने मामाच्या हातातून नारळ काढून घेतला आणि पदरात धरला. "माजं मी परत घेतलं. बाकीच्यांनी आपापलं बगावं."

मागे कुणीतरी बाई हसली आणि लगेच तिने तोंडावर हात घेतला. साहेबांनी घड्याळात पाहिलं, देवाच्या कामात आपण बोलत नाही असं काहीसं म्हणाले आणि जीप धुरळा उडवत गेली.

मामा तिथेच उभा होता, रिकामे हात अजून पुढेच. मामीने त्याला सोडवलं होतं. आणि त्याच तोंडाने चारचौघांत हेही सांगितलं होतं, की इतकी वर्षं तो जी मतं वाटत आला ती त्याची नव्हतीच. मला मामीचा अभिमान वाटत होता आणि मामाकडे बघवत नव्हतं.

वाडीतले सगळ्यात म्हातारे आजोबा तेवढे बोलले. "शब्द खोटा पडला न्हाई. जे ह्येचं न्हवतं, त्येचा शब्द झालाच न्हाई. गाऱ्हाणं ह्योच घालंल. पर मतांचा शब्द आता पुन्यांदा न्हाई."

शिमग्याला मामाने गाऱ्हाणं घातलं. भात मागितला, गुरांना आराम मागितला, पोराबाळांना सुख मागितलं. निवडणुकीच्या वर्षी पुढे साहेबांचं नाव यायचं. तिथे तो थांबला आणि नाव गाळून पुढे गेला. सगळ्यांच्या लक्षात आलं, पण कुणी मान वर केली नाही. त्या नारळाचं खोबरं मामीने तोवर आमटीत घातलं होतं.

दुसऱ्या फेरीला मी टॅब घेऊन पुन्हा त्या घरी गेले. मी मामीसमोर बसताच मामा उठला. अंगण ओलांडून पार गोठ्यापर्यंत गेला, ऐकू येऊ नये म्हणून. मामीने एकदा दाराकडे पाहिलं आणि हळूच उत्तर दिलं. काय दिलं ते मला सांगता येणार नाही आणि येत असतं तरी सांगितलं नसतं.

मामा परत आला. "झालं?"

"झालं."

"आता माजं लिव्ह."

"मामा, टॅबला मामीच पाहिजे. एका घरात एकच."

तो ओसरीच्या खांबाला टेकला. "वाडीचं सगळं मी सांगत व्हतो. आता माजं एकट्याचं बी कुणी इचारणार न्हाई, व्हय?"

मामीने हात पदराला पुसले, पाट पुढे सरकवला आणि त्याच्यासमोर बसली.

"बसा हितं. मी इचारते. मत कुणाला घालणार?"

मामा बसला. त्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"मला ठावं न्हाई गं," तो म्हणाला. "माजं म्हणून मी कदी ठरवलंच न्हाई."